उजनीच्या मोठ्या माशासाठी तीन हजारांपर्यंतचं रीळ: कोणतं घ्यावं?

टेंभुर्णीकर
मंडळी, नमस्कार. गेल्या रविवारी उजनीच्या फुगवट्यावर एक कटला गमावला आणि तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही.

सकाळचे सात वाजले असतील. कणकेत शेंगदाण्याची पेंड मळून केलेला गोळा तळाला पडलेला. घंटी एकदाच वाजली आणि रॉडचं टोक पाण्याकडं वाकलं ते वाकलंच. पहिल्या धावेत साठेक मीटर तंगूस, म्हणजे नायलॉनची लाईन, गेला. थोडा ओढून आणला, परत पळाला, पहिल्यापेक्षा लांब. मध्ये एकदा वर आला तेव्हा डोकं दिसलं, ताटाएवढं. तिसऱ्या धावेला ड्रॅग, म्हणजे मासा ओढेल तशी लाईन सोडणारा रिळाचा ब्रेक, करकर करत लाईन देत होता तो मध्येच गप्प झाला. पुढच्या क्षणी रॉड सरळ. तंगूस रिळापासून हातभर अंतरावर तुटलेला.

रीळ नऊशे रुपयांचं होतं, कुठल्याच ओळखीच्या कंपनीचं नाही. खोक्यावर '१२ बॉल बेअरिंग' असं मोठ्या अक्षरात छापलेलं, त्याला भुललो.

आता तीन हजारांपर्यंत खर्च करायची तयारी आहे. चारवर्षांत बदलावं लागू नये एवढीच इच्छा. ४००० नंबरचं घेऊ की त्याहून मोठं ६०००? अंग धातूचं हवं की ग्राफाइटचं चालेल? तंगूस भरू की ब्रेडेड, म्हणजे विणलेली लाईन? कटला, रोहू, सायप्रिनस (कॉमन कार्प) हे मुख्य. मरळीसाठी माझा वेगळा छोटा सेट आहे.

होटगीरोड
रॉड कोणता आहे? ते कळल्याशिवाय रिळाबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

टेंभुर्णीकर
आठ फुटी, दोन तुकड्यांचा, फायबरग्लासचा. दणकट आहे, तो बदलायचा नाही.

भीमाकाठ
टेंभुर्णीकर, बेअरिंग मोजणं आधी सोडा. बेअरिंगनं हँडल हलकं फिरतं. मासा धरून ठेवायचं काम ड्रॅगचं.

थोडं सविस्तर लिहितो, कारण बहुतेक जण इथंच फसतात. मासा पाण्यात असेपर्यंत त्याचं वजन पाणीच उचलतं. दहा किलोचा कटला म्हणजे दहा किलोची ओढ नव्हे. ओढ येते शेपटीच्या जोरानं, आणि ती झटक्यानं येते. ०.४० मिमीचा तंगूस साधारण नऊ किलोला तुटतो, गाठीपाशी त्याच्याही आधी. म्हणून ड्रॅग त्याच्या पाव ते तिसऱ्या हिश्शावर लावायचा, अडीच-तीन किलोच्या आत. मग खोक्यावर 'कमाल ड्रॅग १५ किलो' लिहिलेलं असलं तरी आपल्याला त्याचा उपयोग नाही. आठ फुटी रॉडवर पाच किलोची ओढ धरून उभं राहून बघा, दहा मिनिटांत मनगट हात जोडतं.

बघायचं ते हे: थांबलेला ड्रॅग सुटताना अडखळतो का. स्पूल म्हणजे लाईन गुंडाळली जाते ते चाक, त्याच्या आत चकत्यांची चळत असते, एक धातूची, एक फेल्टची किंवा कार्बनची, अशी एकाआड एक. स्वस्त रिळात फेल्ट असतो, त्यात वाईट काही नाही. पण तो कोरडा पडला, मोठ्या धावेत तापला, की चिकटतो. तुमचा ड्रॅग गप्प झाला तो असाच. ग्रीस लावलेला फेल्ट छान चालतो. कार्बनच्या चकत्या तापल्या तरी तशाच सरकतात. पेन कंपनीच्या रिळांत त्यांना एचटी-१०० म्हणतात, पण नवं पेन बहुधा तुमच्या बजेटच्या वर जाईल.

तुमच्या पैशांत माझं मत शिमानो कंपनीच्या सिएना रिळाला. तिच्यात बेअरिंग ३+१ एवढीच, पण ड्रॅग लोण्यासारखा सुटतो. सहा वर्षं वापरतोय.

जुळेसोलापूर
+१. सिएना नाही तर शिमानोचंच एफएक्स. दोन्ही साधी, दोन्ही टिकतात.

अवांतर: शिमानो ही मुळात सायकलवाली कंपनी. १९२१ साली जपानच्या साकाई गावात सायकलचं फ्रीव्हील बनवण्यापासून सुरुवात झाली, मासेमारीची रिळं पुष्कळ नंतर, १९७० च्या सुमारास आली. माझ्या पोराच्या गिअरच्या सायकलवर आणि माझ्या रिळावर एकच नाव बघून त्याला कोण आनंद झाला होता.

सीनापार
मी साठी ओलांडलेला माणूस, त्यामुळं स्पष्ट लिहितो. रीळ कशाला पाहिजे? आम्ही सीनेच्या डोहात हातगळावर कटले काढले. प्लॅस्टिकच्या बाटलीला तंगूस गुंडाळायचा, शिसं डोक्यावर गरगर फिरवायचं आणि सोडायचं. मासा लागला की दोन बोटांत लाईन. कधी द्यायची, कधी धरायची ते बोटाला कळतं, कुठली चकती न् कुठलं ग्रीस. तीन हजारांत पोरांच्या वह्या-पुस्तकं येतील.

टेंभुर्णीकर
काका, तुमचा मान ठेवून सांगतो. माझे वडीलही बाटलीवरच मासे धरायचे. भीमेच्या काठाला आमचं शेत होतं, धरणात गेलं. त्यांच्या उजव्या तर्जनीवर तंगुसाचे चरे पडलेले होते, आडवे, पांढरे. भाकरी मोडताना दिसायचे. शेवटच्या आजारपणात मी त्यांचा हात हातात घेऊन बसायचो तेव्हा ते चरे माझ्या बोटाला लागायचे. बोटाला कळतं हे शंभर टक्के खरं, पण त्याची किंमत बोट मोजतं. मला रीळच घ्यायचंय.

सीनापार
समजलं बाळा. घे.

कांडीवाला
इतका वेळ वाचत होतो, आता राहवत नाही. मी सोलापूरच्या पूर्व भागातला. तीन पिढ्या माग चालवतोय, आधी हातमाग, आता पॉवरलूम. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि रविवारी एकरुखच्या तलावावर गळ.

स्पिनिंग रीळ, म्हणजे आपण इथं बोलतोय तेच, हे मूळचं आपल्याच धंद्यातलं डोकं आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? इंग्लंडात ब्रॅडफर्ड म्हणून कापड गिरण्यांचं गाव, जशी आपली जुनी गिरणी तसल्या गिरण्या तिथं गल्लोगल्ली. तिथल्या आल्फ्रेड इलिंगवर्थ नावाच्या गिरणीवाल्यानं १९०५ मध्ये असल्या रिळाचं पेटंट घेतलं. मागावर आडवं सूत नेणारा धोटा आणि त्याच्यातली सूत भरलेली कांडी आठवा. धोटा या टोकाकडून त्या टोकाला पळतो, पण आत कांडी फिरत नाही. ती जागच्या जागी, आणि सूत तिच्या नाकावरून, शेंड्याकडून सुटत जातं. फिरायचंच काही नाही, म्हणून सुताला झटका बसत नाही. स्पिनिंग रिळाचा स्पूल म्हणजे हीच कांडी. गळ फेकला की स्पूल ढिम्म, लाईन त्याच्या ओठावरून वेटोळ्या-वेटोळ्यानं निघते.

हे एकदा डोक्यात बसलं की रिळाच्या निम्म्या तक्रारी आपोआप समजतात.

पहिली भरण्याची. माझी आई आणि आत्या कांड्या भरायच्या. कांडी जास्त भरली की सूत एका वेळी चार-चार वेढ्यांनी घसरतं आणि माग अडतो. कमी भरली तर कांडी वारंवार बदलावी लागते. स्पूलचंही तसंच. ओठापासून दोन-तीन मिलिमीटर खाली ठेवून भरायचा. गच्च भरलात तर फेकताना गुंताळा सुटणार, अर्धा भरलात तर लाईन ओठावर घासून फेक जवळच पडणार.

दुसरी पिळाची. शेंड्यावरून सुटणाऱ्या सुताला दर वेढ्याला एक पीळ पडतो. गुंडाळताना तो परत उलगडतो, त्यामुळं चालून जातं. पण मासा लाईन ओढून नेत असताना आपण घाबरून हँडल फिरवत राहतो, तेव्हा लाईन आत येत नाही, नुसता पीळ चढतो. गिअर ५:१ चा असेल तर हँडलच्या एका फेऱ्याला पाच पीळ. वीस फेरे मारले, शंभर पीळ. मग घरी आल्यावर 'लाईन खराब निघाली' म्हणून दुकानदाराशी भांडण. मासा पळतोय तोवर हँडलला हात लावायचा नाही. थांबला की रॉड हळू वर उचलायचा, मग रॉड खाली नेत नेत गुंडाळायचं.

आणि तिसरी, टेंभुर्णीकर, तुमच्या कटल्याची. चकती तापून चिकटली हे भीमाकाठ म्हणतात ते खरं असणार, पण माझ्या मते ते निम्मं कारण. मागाच्या मागं ताण्याचा, म्हणजे उभ्या सुतांचा, बीम असतो, त्याला साखळीनं वजन लावलेलं. बीम भरलेला असतो तेव्हा जे वजन बरोबर, तेच बीम रिकामा होत आला की जड होतं. ताणा कडक होतो, सुतं तुटायला लागतात. म्हणून विणकर कापड विणता विणता वजन सरकवून कमी करत जातो. न कमी केलं तर मुकादम ओरडतो. स्पूलचं हेच गणित. लाईन भरलेली असताना वेढ्याचा व्यास ५४ मिमी असेल आणि मोठ्या धावेनंतर तो ३६ वर आला, तर अडीच किलोला लावलेला ड्रॅग पावणेचार किलोचा होतो. नॉबला तुम्ही हातसुद्धा लावलेला नसतो. तिसऱ्या धावेला तुमचा स्पूल किती रिकामा होता?

टेंभुर्णीकर
तळातला प्लॅस्टिकचा भाग दिसत होता. आणि मी ड्रॅग सैल करायच्या ऐवजी अर्धा आटा घट्ट केला. आत्ता वाचताना अंगावर काटा आला.

कांडीवाला
सगळे तेच करतात. लाईन संपत आली की घट्ट करावंसं वाटतं. सैल करायचं असतं.

होटगीरोड
कांडीवाले, हा प्रतिसाद मी वडिलांना वाचून दाखवला. गिरणीत तीस वर्षं काढलेला माणूस, 'बीमचं अगदी बरोबर लिहिलंय' म्हणाले आणि मग अर्धा तास गिरणीच्या भोंग्याबद्दल बोलत होते.

भीमाकाठ
बीमचा मुद्दा मान्य, माझ्या लक्षात आला नव्हता. त्यातूनच नंबरचा प्रश्न सुटतो. मोठा स्पूल घ्या, म्हणजे रिकामा होण्याची वेळच येत नाही.

हिशोब सोपा आहे. स्पूलवर ०.३० मिमी / १८० मीटर असं लिहिलेलं असतं. जाडी बदलली की लांबी जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. ०.४० चा तंगूस भरायचा तर १८० गुणिले ०.०९ भागिले ०.१६, म्हणजे १०१ मीटर. सत्तर मीटर फेक आणि वर साठ मीटरची धाव, झालं, तळ दिसला. तेच ६००० च्या एखाद्या स्पूलवर ०.३५ / २५० मीटर लिहिलेलं असेल तर ०.४० चा १९१ मीटर बसतो. म्हणून उजनीवर ६०००, त्याच्या खाली नको.

कुरनूरची लेक
भीमाकाठ दादा, इथं मी वेगळं सांगणार.

मी मामासोबत कुरनूर धरणावर गळ टाकायला जाते, दहा वर्षं झाली. मामाचं ६००० चं धातूचं रीळ मी काट्यावर ठेवलं तर सहाशे ग्रॅमच्या वर भरलं. माझं ४००० ग्राफाइटचं तीनशेच्या आत. दिवसभरात पन्नास-साठ वेळा फेक होते. दुपारी एकपर्यंत मामाचा खांदा उतरतो आणि ते रॉड स्टँडला लावून झाडाखाली बसतात. बसल्यावर कितीतरी चावे हुकतात. जड रिळानं मासा मोठा येतो असं नाही, हातात कमी वेळ राहतं एवढं नक्की. शिवाय टेंभुर्णीकरांचा रॉड फायबरग्लासचा, तो आधीच जड.

लाईन कमी बसते यावर उपाय आहे. ०.२० ची ब्रेडेड घ्या. दादांच्याच हिशोबानं ४००० वर ती चारशे मीटर बसेल. एवढी लागत नाही, म्हणून तळाला स्वस्तातला तंगूस अर्धा स्पूल भरून वर दीडशे-दोनशे मीटर ब्रेडेड गुंडाळायची. तळाला तंगूस हवाच, नाही तर गुळगुळीत स्पूलवर ब्रेडेडचा अख्खा गठ्ठा गरगर फिरतो आणि आपल्याला वाटतं ड्रॅग गेला.

भीमाकाठ
ताई, ब्रेडेड उजनीच्या दगडात? तिथं पाण्याखाली गावं आहेत. विहिरींचे काठ, घरांच्या भिंती, बाभळीचे खुंट. पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ बाहेर येतं, तसंच कितीतरी काय काय तळाला आहे. ताणलेली ब्रेडेड दगडाच्या धारेला लागली की दोऱ्यासारखी कापली जाते. तंगूस निदान थोडं घासून घेतो.

कुरनूरची लेक
म्हणून पुढचे पाच-सहा मीटर ०.४५ चा तंगूस जोडायचा. दगडाला लागतं ते बहुतेक शेवटचं टोकच. मी कुरनूरला तेच करते. बाकी उजनीचा तळ तुम्ही जास्त ओळखता.

भीमाकाठ
पाच-सहा मीटर कमी पडतील. दहा घाला. तरी माझं मत ६००० लाच राहील.

रानमळा
एक प्रश्न मध्येच. चिलापीला कुठलं रीळ लागतं?

जुळेसोलापूर
चिलापीला रीळ नको, पिशवी मोठी लागते.

सीनापार
चिलापी पूर्वी नव्हती इथं. आता जाळं टाकावं तर निम्मी तीच. आणि आता तो खवल्यांचा चिलखत घातलेला सकर निघतोय उजनीत, काळा, खरबरीत. खायला कामाचा नाही आणि जाळं फाडून जातो. आमच्या वेळी शिंगाडा, वाम, मरळ... वाम तर लहान मुलाच्या हातालासुद्धा लागायची. नदीचा वास वेगळा होता तेव्हा.

कुरनूरची लेक
काका, वाम अजून मिळते कधी कधी. आई तिच्या कालवणात शेंगांचा कूट घालते आणि वर काळा मसाला. ज्वारीची कडक भाकरी कुस्करून त्यात. तुम्ही अक्कलकोटकडं आलात तर या.

मोठ्या कटल्याबद्दलही माझं एक म्हणणं आहे. पाच किलोच्या वरचा मासा आम्ही सोडून देतो. मांस जाडंभरडं असतं, चवीला तीन किलोचा चांगला. आणि मोठी मादी लाखांनी अंडी देते.

भीमाकाठ
यावर पूर्ण सहमत. सोडायचाच असेल तर जास्त वेळ दमवू नका, ओल्या हातानंच धरा, आणि तोंड प्रवाहाकडं करून तो स्वतःहून सुटेपर्यंत हात काढू नका.

पाणपक्षी
मासे धरत नाही, भिगवणला पक्षी बघायला जातो, म्हणून हा धागा उघडला. सगळ्यांना एक कळकळीची विनंती. तुटलेला, गुंताळलेला तंगूस काठावर टाकून येऊ नका. मागच्या हिवाळ्यात एका शेकाट्याच्या दोन्ही पायांना तो गुंडाळलेला पाहिला. पाय बांधल्यासारखा उड्या मारत होता. नावाड्यानं आणि मी मिळून पकडला, नखं कापायच्या कात्रीनं एकेक वेढा कापला. एका पायाचं बोट आधीच काळं पडलं होतं. रोहित (फ्लेमिंगो) येतात, चित्रबलाक येतात, सगळे त्याच चिखलात चालतात. तो तंगूस वर्षानुवर्षं कुजत नाही.

कांडीवाला
हे फार महत्त्वाचं. आमच्याकडं मागाखालचं गुंताळ्याचं सूत रोज संध्याकाळी पिशवीत भरतात. मी गळाच्या पेटीत तशीच एक पिशवी ठेवतो, आणि दुसऱ्यांनी टाकलेलाही उचलतो.

टेंभुर्णीकर
माझा जवळजवळ सगळा तंगूस त्या कटल्यासोबत गेला, याचं आता जास्त वाईट वाटतंय. पुढच्या वेळेपासून पिशवी नक्की.

रानमळा
परवान्याचं कोणी बोललं नाही. बहुतेक तलाव मच्छीमार संस्थांना ठेक्यानं दिलेले असतात. गळ टाकायच्या आधी संस्थेच्या माणसाला विचारा, पावती असेल तर घ्या. मी एकदा न विचारता बसलो होतो. संस्थेचा म्हातारा नावाडी आला, शांतपणे म्हणाला, 'बोटुकली (माशांची पिल्लं) आम्ही सोडलीत, पैसे आम्ही भरलेत.' मान खाली गेली माझी. आणि त्यांच्या जाळ्याच्या ओळीत गळ तर अजिबात टाकू नका.

होटगीरोड
मूळ प्रश्नाकडं येतो. 'चारवर्षांत बदलावं लागू नये' असं टेंभुर्णीकरांनी लिहिलंय, त्याबद्दल कोणीच बोललं नाही. रीळ टिकतं ते निगेवर, मग ते कितीचंही असो.

उजनीचा गाळ पिठासारखा बारीक, काळा. रॉड काठावर आडवा टाकला की तो गाळ लाईनच्या रोलरमध्ये जातो. हा रोलर म्हणजे तारेच्या कडीला असलेलं छोटं चाक, ज्याच्यावरून लाईन वळून स्पूलवर येते. तो अडकला की लाईन त्याच्यावर घासत राहते आणि आठवडाभरात तंगूस पांढरा पडतो. माझ्याकडं रिळं दुरुस्तीला येतात, मित्रमंडळींचीच, त्यात निम्म्यांचा रोलर जाम असतो. घरी आल्यावर ड्रॅगचा नॉब घट्ट करा म्हणजे पाणी आत जाणार नाही, मग ओल्या फडक्यानं पुसा. नळाखाली जोरात धरू नका. रोलरला तेलाचा एक थेंब. सुकल्यावर नॉब पूर्ण सैल करून ठेवा, चकत्या दाबलेल्या राहिल्या की फेल्ट बसतो. मी तर मे महिन्यात गाडीच्या डिकीतही रीळ ठेवत नाही. आपल्याकडचं ४३-४४ डिग्री ऊन, आतलं ग्रीस पातळ होऊन नको तिथं उतरतं.

आणि फेकल्यावर तारेची कडी हँडल फिरवून आपटू नका, हातानं बंद करा. स्प्रिंगही वाचते आणि सैल पडलेला वेढाही दिसतो.

अंग ग्राफाइटचं चालेल. आपल्याकडं खारं पाणी नाही. स्पूल मात्र धातूचा बघा.

जुळेसोलापूर
दोन रॉड लावून बसणाऱ्यांनी मोकळ्या स्पूलचं, म्हणजे बेटरनर प्रकारचं रीळ बघावं. मागं एक खटका असतो, तो दाबला की मासा आमिष घेऊन आरामात लाईन नेतो, हँडल फिरवलं की मुख्य ड्रॅग लागू. माझा एक रॉड आष्टी तलावात गेला आहे. चहा ओतत होतो, सायप्रिनसनं स्टँडसकट ओढून नेला. समोरून तरंगत जाताना बघितला.

भीमाकाठ
तीन हजारांत चांगलं बेटरनर मिळणं कठीण. साधा उपाय: मासा लागेपर्यंत ड्रॅग सैल ठेवा, एवढा की बोटानं ओढली तर लाईन सहज यावी. घंटी वाजली की रॉड हातात घ्या आणि मग घट्ट करा. किती आटे घट्ट करायचे ते घरी मोजून ठेवलेलं असावं.

टेंभुर्णीकर
सगळ्यांचे आभार. शनिवारी दुकानात जातोय. ड्रॅग तपासायचा कसा, काटा नाही माझ्याकडं.

कांडीवाला
पाण्याची बाटली आहे ना? एक लिटर म्हणजे एक किलो. दोन लिटरची एक आणि अर्ध्या लिटरची एक, अशा एकत्र बांधा, अडीच किलो झालं. रीळ हातात धरून लाईनला बाटल्या टांगा. नॉब अशा जागी आणा की बाटल्या हळूहळू खाली उतरतील. उतरताना थांबत-थांबत, हिसके देत आल्या तर ते रीळ परत ठेवा. विहिरीत सोडलेल्या कळशीसारख्या सलग उतरल्या तर तेच घ्या. रॉडच्या कड्यांतून लाईन गेली की घर्षणानं ओढ थोडी वाढते, ते धरून नॉब जरा सैलच ठेवा.

नवी लाईन भरताना तिचं चाक जमिनीवर आडवं ठेवा आणि दहा-बारा फेरे गुंडाळून लाईन सैल सोडा. पीळ पडताना दिसला तर चाक उलटं करा.

टेंभुर्णीकर
सहा आठवडे झाले, उशीर झाला लिहायला. पाणी सुटल्यामुळं रविवार शेतातच जात होते.

दुकानात बाटल्या घेऊन गेलो. मालक आधी बघतच राहिले, मग स्वतःच एकेक रीळ काढून द्यायला लागले. तीन तपासली. एक ६००० चं, धातूचं, दिसायला भारदस्त, नाव नाही घेत. बाटल्या खाली येताना प्रत्येक वीतभर अंतरावर अडकत होत्या. दुसरं बरं होतं. तिसरी सिएना ४०००. नॉब सैल करत आणला आणि बाटल्या इतक्या शांत उतरल्या की फरशीला टेकल्या तेव्हाच आवाज आला. भीमाकाठ दादा, तुमचा ६००० चा सल्ला मोडला, माफ करा. ताईंच्या पद्धतीनं भरलं: तळाला तंगूस, वर ०.२० ची ब्रेडेड दोनशे मीटर, पुढं दहा मीटर ०.४५ चा तंगूस. दहा तुमचे.

काल गेलो होतो. उजनी मायनसमध्ये आहे, ११७ टीएमसीच्या धरणात मृतसाठ्याच्याही खाली पाणी. काठ अर्धा किलोमीटर आत सरकलाय, चिखलाला भेगा. आमच्या जुन्या शेताची विहीर उघडी पडली आहे. तिच्या काठावरच बसलो.

साडेनऊला घंटी वाजली. ड्रॅग मोजून ठेवल्याप्रमाणे दोन आटे घट्ट केला. मासा पळाला तेव्हा हँडलवरचा हात मुद्दाम काढून घेतला, खिशात घातला म्हटलं तरी चालेल. रिळाचा आवाज एकसारखा, पंख्यासारखा. एकदाही अडखळला नाही. तिसऱ्या धावेला स्पूलवरची लाईन उतरलेली दिसली आणि नॉब पाव आटा सैल केला. बोटांना ते पटत नव्हतं, पण केला. वीस मिनिटांनी काठाला आला. सायप्रिनस, काट्यावर पाच किलो दोनशे. कटला नव्हता. ओल्या हातानं धरला आणि विहिरीच्या पलीकडच्या खोल पाण्यात सोडला.

पुढच्या तंगुसाचे दोन मीटर दगडाला घासून खरबरीत झाले होते. कापून पिशवीत घातले.

भीमाकाठ
माफी कसली! पाव आटा सैल केलात, मला त्यातच सगळं मिळालं. खरबरीत झालेला तंगूस दर वेळी असाच कापत जा.

कुरनूरची लेक
पाच किलो दोनशे! मामांना दाखवते हा धागा.

सीनापार
टेंभुर्णीकर, एक विचारतो. त्या रिळाचं हँडल डावीकडं बसतं का? माझा उजवा खांदा धरलाय, बाटली फिरवून शिसं फेकणं होत नाही आता.

टेंभुर्णीकर
बसतं काका. दुसऱ्या बाजूची टोपी काढून हँडल तिकडून घालायचं, दोन मिनिटांचं काम. रविवारी पहाटे पाचला टेंभुर्णीच्या चौकात थांबतो. डावीकडं लावूनच आणतो.